संगीताची स्पर्शानुभूती (बेस कंपक उपकरणे)

संगीताची स्पर्शानुभूती : ध्वनिमुद्रित किंवा प्रत्यक्ष वाजणाऱ्या संगीतातील खालच्या वारंवारतांचे यांत्रिक कंपनात रूपांतर करून ते त्वचा, स्नायू आणि हाडे यांच्यामार्फत श्रोत्याच्या शरीरात पोहोचवण्याची पद्धती. त्यासाठी वापरली जाणारी उपकरणे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात खुर्ची, सोफा, मोटारीचे आसन किंवा ड्रमवादकाचे स्टूल यांना घट्ट बसवलेले ‘बेस शेकर’ येतात, तर दुसऱ्यात पाठीवर, छातीवर, कमरेला किंवा मनगटावर बांधायची जाकिटे आणि पट्टे येतात. ही उपकरणे स्वतः फारसा आवाज करत नाहीत. कानांनी ऐकायचा भाग नेहमीप्रमाणे हेडफोन किंवा स्पीकरमधूनच येतो. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या किंवा डॉल्बीच्या भिंतीच्या शेजारून गेलेल्या कोणालाही छातीत बसणारा ठोका परिचित असतो. हवेत प्रचंड ध्वनिदाब निर्माण न करता तसा ठोका थेट शरीराला देणे, हा या उपकरणांचा मूळ हेतू आहे.

खालच्या सुरांचा अनुभव कानांपुरता मर्यादित नसतो, याची कारणे शरीररचनेतच आहेत. मनुष्याचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढा पल्ला ऐकू शकत असला, तरी त्याच्या खालच्या टोकाला तो फार मंद असतो. १,००० हर्ट्झचा सूर ऐकू येण्यास जवळजवळ शून्य डेसिबल पुरतात. ४० हर्ट्झचा, म्हणजे बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या आसपासचा सूर जेमतेम कळण्यासाठी मात्र सुमारे ५० डेसिबल लागतात. कोणत्या वारंवारतेचा सूर किती डेसिबलला सारखाच मोठा वाटतो, हे दाखवणारे समान श्रवणतीव्रतेचे वक्र फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मांडले. आवाज कमी केला की गाण्यातला बेस सर्वांत आधी नाहीसा होतो, त्याचे स्पष्टीकरण या वक्रांत सापडते. स्पर्शाचे याच्या उलट आहे. त्वचेतील मायस्नर कण साधारण ५ ते ५० हर्ट्झच्या हलक्या थरथरीला प्रतिसाद देतात. त्याहून खोल असलेले पॅचिनियन कण काही दशक हर्ट्झपासून पुढची कंपने टिपतात आणि २०० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान ते सर्वाधिक संवेदनक्षम असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ फिलिप्पो पाचिनी यांचे नाव या कणांना मिळाले आहे. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारी इंद्रियेही जोरदार खालच्या कंपनांनी उत्तेजित होतात. म्हणजे जिथे कान दुबळा पडतो, तिथे त्वचा आणि तोलाची संवेदना कामाला लागतात.

हा सहभाग जाणिवेच्या पातळीवर यावाच लागतो असे नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोगशील सभागृहात एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात ८ ते ३७ हर्ट्झ पल्ल्याचे विशेष स्पीकर दर काही मिनिटांनी चालू-बंद करण्यात आले आणि श्रोत्यांच्या डोक्याला बांधलेल्या पट्ट्यांवरून त्यांच्या हालचाली मोजण्यात आल्या. स्पीकर चालू असताना लोक जवळजवळ १२ टक्के अधिक हालचाल करत होते; वेगळ्या चाचणीत मात्र ही कंपने चालू आहेत की बंद, हे लोकांना ओळखता आले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग महत्त्वाचा अशासाठी, की तो प्रयोगशाळेतल्या एकाकी श्रोत्यावर झालेला नसून खऱ्या, नाचणाऱ्या गर्दीत झालेला आहे.

तरीही स्पर्श म्हणजे दुसरा कान नव्हे, आणि या विषयावरील पुष्कळ जाहिराती नेमकी हीच गोष्ट झाकून ठेवतात. त्वचेला साधारण १,००० हर्ट्झच्या वरची कंपने कळत नाहीत. त्याहून मोठी मर्यादा सूर ओळखण्याची आहे. शिकलेला कान एक टक्क्याहूनही कमी फरक पकडतो; त्वचेला दोन कंपने वेगळी वाटण्यासाठी किती फरक लागतो याचे आकडे प्रयोगागणिक बदलत असले, तरी ते बहुधा १० ते ३० टक्क्यांच्या घरात असतात. लगतच्या दोन सुरांत, उदाहरणार्थ षड्ज आणि कोमल ऋषभ यांत, जेमतेम ६ टक्क्यांचा फरक असतो. त्यामुळे रागातील स्वरस्थाने पाठीवर बांधलेल्या कंपकातून कळतील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला जुळवलेली असते आणि तो आकडा उपकरणाच्या पल्ल्यात अगदी सहज बसतो. परंतु तंबोऱ्याचे सौंदर्य जवारीतून उमलणाऱ्या वरच्या स्वरांशांमध्ये असते आणि ते सगळे वरच्या वारंवारता रोखणाऱ्या उपकरणाच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) अडकून बाहेर राहतात. त्याउलट डग्ग्याचा घुमारा, मृदंगाच्या धुमेवरची थाप, किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका, पाइप ऑर्गनचा मंद्र नाद हे शरीराला चांगले उमगतात. लय, आघात, वजन, चढउतार आणि शांतता हा स्पर्शाचा शब्दसंग्रह आहे. तो लहान आहे. पण त्यातले शब्द कानाच्या शब्दांइतकेच संगीताचे आहेत.

या अनुभवाची सर्वांत हृद्य नोंद विद्युत ध्वनियुगाच्या आरंभीचीच आहे. फेब्रुवारी १९२४ मध्ये न्यूयॉर्क सिंफनी ऑर्केस्ट्राने सादर केलेली बेथोव्हनची नववी सिंफनी रेडिओवरून प्रसारित झाली, तेव्हा दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या हेलन केलर घरी रेडिओजवळ बसल्या होत्या. घरातल्या कोणीतरी त्यांना रेडिओच्या श्रवणिकेवर (आवाज ऐकवणाऱ्या भागावर) हात ठेवून पाहण्यास सुचवले, तिचे झाकण काढले आणि त्यांची बोटे आतल्या पातळ पडद्यावर टेकली. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तालाचा जोर, वाद्यांची एकमेकांत गुंफलेली कंपने आणि समूहगान सुरू होताच जाणवलेला बदल यांचे वर्णन केले आहे. शेकडो वादक-गायकांचा आविष्कार एका चकतीच्या थरथरीतून आला आणि तरी त्यातला आवेग ओळखता आला, ही घटना आजच्या उपकरणांच्या शक्यतेचा आणि मर्यादेचा एकत्र दाखला आहे. त्याच दशकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉल्ट यांनी ‘टेलिटॅक्टर’ नावाच्या यंत्राने कर्णबधिरांना बोटांवाटे बोलणे समजावे यासाठी प्रयोग केले. मात्र त्यांचा भर संगीतापेक्षा वाणीवर होता.

आसनातील कंपनाचा उपयोग पुढे करमणुकीच्या धंद्याने केला. १९५९ मध्ये ‘द टिंगलर’ या भयपटासाठी निर्माते-दिग्दर्शक विल्यम कॅसल यांनी चित्रपटगृहातील काही आसनांखाली थरथरणाऱ्या लहान विद्युत मोटर बसवल्या. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीने ‘सेन्सराउंड’ ही पद्धत आणली. तिच्यात आसनांना काही जोडलेले नसून प्रचंड सबवूफरांनी (फक्त खालचे सूर देणाऱ्या स्पीकरांनी) सबंध सभागृहच हादरवले जाई. हॉलीवूडमधील प्रसिद्ध चायनीज थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली होती. हवा हलवून शरीर हलवण्याचा हा मार्ग किती खर्चिक आणि शेजाऱ्यांना किती त्रासदायक आहे, हे त्यातून दिसले. १९९० च्या दशकापासून ऑरा, गिटॅमर आणि क्लार्क सिंथेसिस या अमेरिकी कंपन्यांचे आसनाला जोडायचे कंपक बाजारात आले. गिटॅमरचा ‘बटकिकर’ घरगुती चित्रपटगृहांत आणि मोटारशर्यतीच्या सिम्युलेटरांत विशेष रुळला.

बेस शेकरची रचना स्पीकरसारखीच, पण एक महत्त्वाचा भाग वगळून केलेली असते. स्पीकरमध्ये चुंबकीय क्षेत्रातील तारेचे वेटोळे कागदी शंकूला ढकलते आणि शंकू हवेला ढकलतो. शेकरमध्ये शंकूच नसतो. वेटोळे आणि चुंबक यांपैकी जड भाग स्प्रिंगसारख्या आधारावर मोकळा ठेवलेला असतो, आणि तो मागेपुढे झाला की प्रतिक्रियेचा धक्का बाहेरच्या कवचाला व कवच ज्याला स्क्रूने आवळले आहे त्या लाकडी किंवा लोखंडी सांगाड्याला बसतो. स्वस्त, चकतीच्या आकाराच्या शेकरांचा अनुनाद, म्हणजे ते आपोआप सर्वाधिक थरथरतात ती वारंवारता, बहुधा ४० हर्ट्झच्या आसपास असतो. त्या एका ठिकाणी ते अवाजवी जोराने थरथरतात आणि इतर सूर दबलेले राहतात, म्हणून गाणे कोणतेही लावले तरी खुर्ची एकच गोष्ट बोलत असल्यासारखे वाटते. महागड्या कंपकांत हा उंचवटा कमी केलेला असतो. मोठ्या बटकिकरचा जाहीर पल्ला ५ ते २०० हर्ट्झ आहे आणि त्याला काहीशे वॅटचा स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतो.

जोडणीत लहानसहान गोष्टी निर्णायक ठरतात. सोफ्याच्या पायांखाली रबरी बैठका घातल्या नाहीत, तर बरीचशी ऊर्जा फरशीत जाते आणि खालच्या मजल्यावरच्या घराला जाणवते, शिवाय बसणाऱ्याच्या वाट्याला कमी येते. शेकर आसनाच्या कापडाला किंवा फोमला न लावता मुख्य चौकटीलाच लावावा लागतो. अॅम्प्लिफायरच्या आधी ८० ते १०० हर्ट्झच्या वरचा भाग गाळणारे फिल्टर नसेल, तर निवेदकाचा आवाजसुद्धा पाठीत गुणगुणू लागतो, आणि ते काही मिनिटांतच नकोसे होते. कंपन आणि ध्वनी एकाच क्षणी पोहोचणेही तितकेच आवश्यक आहे. बिनतारी ब्लूटूथ जोडणीत एकाला उशीर झाला, तर ठोका ऐकू येतो एकदा आणि लागतो दुसऱ्यांदा. लयीचा सगळा आनंद तिथेच मोडतो.

अंगावर घालायच्या उपकरणांना २०१३ पासून वेग आला. कॅनडात सुरू झालेल्या सबपॅकने आणि इस्रायलच्या वूजरने त्या वर्षी किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून भांडवल उभे केले. सबपॅकचे एक रूप खुर्चीच्या पाठीला अडकवायचे, तर दुसरे पाठपिशवीप्रमाणे घालायचे होते. वूजरच्या पुढच्या जाकिटात छाती, पाठ आणि दोन्ही बाजू यांवर मिळून ६ कंपक आहेत. या साधनांना व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक मिळाले, तरी त्यांचा विशेष उपयोग संगीतनिर्मितीत झाला. छोट्या खोलीत हेडफोनवर वेगवेगळ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांचे मिश्रण करणाऱ्याला ४० हर्ट्झच्या पट्टीत नेमके काय चालले आहे, याचा अंदाज कानांनी येत नाही. पाठीला मात्र तो येतो. रंगमंचावरील ड्रमवादकांची गरज याहूनही स्पष्ट आहे. कानात बसणारे मॉनिटर (वादकाला स्वतःचे वादन ऐकवणारे इअरफोन) आल्यानंतर रंगमंचावरचे मोठे स्पीकर कमी झाले आणि वादकाला स्वतःच्या किक ड्रमचा अंगावर येणारा धक्का मिळेनासा झाला. इंग्लंडमधील पोर्टर अँड डेव्हिस या कंपनीचे कंपक बसवलेले स्टूल त्यामुळे अनेक व्यावसायिक ड्रमवादक वापरतात. बेस अंगाला मिळत असल्याने कानातला आवाज कमी ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा सांगते, त्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. तो आपोआप पदरात पडत नाही. आवाज खरोखर खाली आणावा लागतो. सबंध शरीराला दीर्घकाळ मिळणारी जोरदार कंपने हा औद्योगिक आरोग्याचा स्वतंत्र विषय असून त्याच्या मोजमापासाठी आयएसओ २६३१ हे मानक आहे. गरोदर स्त्रियांनी आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी अशी उपकरणे वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नयेत.

कर्णबधिर श्रोत्यांचा विचार या विषयात केंद्रस्थानी असायला हवा, कारण स्पर्शाने संगीत घेण्याची परंपरा त्यांनी उपकरणांच्या कितीतरी आधी घडवली. फुगा हातात धरून, अनवाणी लाकडी जमिनीवर उभे राहून, स्पीकरच्या पेटीला तळवा लावून संगीत अनुभवणे त्यांना नवीन नाही. स्कॉटलंडच्या तालवादक एव्हलिन ग्लेनी यांचे श्रवण बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण गेले होते. शाळेतील शिक्षक रॉन फोर्ब्ज टिंपनी (सुरात लावता येणारे मोठे नगारे) वाजवत असताना त्या वर्गाच्या भिंतीवर हात टेकवून उभ्या राहत आणि कोणता सूर शरीरात कुठे उमटतो, याचा अभ्यास करत. खालचे सूर पाय आणि पावलांत, वरचे चेहरा, मान आणि छातीवर, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. मेंदूविज्ञानानेही याला आधार दिला. १९९८ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी जन्मजात कर्णबधिर असलेल्या एका प्रौढाच्या तळहाताला कंपन दिल्यावर त्याच्या मेंदूतील श्रवणक्षेत्र जागे होते, असे नोंदवले; तो एका व्यक्तीपुरता अभ्यास होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

टोरोंटोच्या तत्कालीन रायर्सन विद्यापीठात तयार झालेल्या ‘इमोटी-चेअर’ने नुसता बेस पाठवण्याऐवजी संगीताचे वारंवारतेनुसार पट्टे पाडून ते पाठीवर खालून वर मांडले, अंतर्कर्णातील शंखकृती जे काम सूक्ष्म पातळीवर करते, त्याचीच ही मोठ्या पृष्ठभागावरची मांडणी होती. हाम्बुर्गच्या युवा ऑर्केस्ट्रासाठी २०१६ मध्ये क्यूटसर्किट या कंपनीने केलेल्या ‘साउंडशर्ट’मध्ये वाद्यवृंदाचे वेगवेगळे विभाग सदऱ्याच्या वेगवेगळ्या भागांत उमटत. २०१८ मध्ये लास व्हेगासला ग्रेटा व्हॅन फ्लीट या रॉक बँडच्या कार्यक्रमात ‘म्युझिक : नॉट इम्पॉसिबल’ प्रकल्पाचे जाकीट आणि मनगटा-घोट्याचे पट्टे कर्णबधिर आणि ऐकू येणारे अशा दोन्ही श्रोत्यांनी एकत्र घातले. कर्णबधिर समाजातून येणारी टीका अशी, की अशी बरीच साधने ऐकू येणाऱ्या माणसांनी स्वतःच्या कल्पनेने बनवलेली असतात आणि ती ‘उणीव भरून काढण्याची’ भाषा बोलतात. ही टीका रास्त आहे. म्हणूनच त्या प्रकल्पात कर्णबधिर गायिका मँडी हार्वी यांच्यासारख्या कलावंतांचा सहभाग महत्त्वाचा ठरला. ध्वनीचे मिश्रण करणाऱ्या तंत्रज्ञाप्रमाणे तिथे कंपनाचे मिश्रण करणारी व्यक्तीही कन्सोलवर बसते, आणि किक ड्रम घोट्यांत द्यायचा की पाठीत, गिटार मनगटापर्यंत न्यायची की नाही, आणि शरीर कोणत्या कडव्यात पूर्ण शांत ठेवायचे, हे कार्यक्रम चालू असताना ती ठरवत जाते.