कार्ड नसलं तरी पत्रकार नागरिकच

सोलापुरात पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘संस्थेचं कार्ड नसलेल्या मुक्त पत्रकाराला युद्धक्षेत्रात कायद्याचं संरक्षण नाही.’ भीती समजण्यासारखी आहे, पण कायदा तसं म्हणत नाही. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे पूरक कराराचं, कलम ७९ काढून वाचा; इंटरनेटवर फुकट मिळतं. संघर्षक्षेत्रात काम करणारा पत्रकार नागरिक, म्हणजे सैनिक नसलेला सामान्य माणूस मानला जातो, हे पहिल्याच वाक्यात आहे. ओळखपत्र तिसऱ्या उपकलमात येतं, तेही ऐच्छिक. म्हणजे कार्ड हा फक्त पुरावा. लढाईत स्वतः उतरलात तर मात्र तेवढ्या काळापुरतं संरक्षण जातं. भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. पण नागरिकांना जपणारा १९४९ चा चौथा जिनिव्हा करार भारताला मान्य आहे.