घरगुती विजेच्या दराची घासाघीस: मराठवाड्याच्या लाईट बिलामागचा इतिहास

मुंबईच्या उपनगरात, वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या पट्ट्यात, बहुतेक घरांना वीज टाटा पॉवरची घ्यायची की अदानीची हे ठरवता येतं. दोघांचे दर बघायचे, अर्ज करायचा आणि कंपनी बदलायची. ब्रिटनमध्ये 1998-99 पासून आणि अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये 2002 पासून घरगुती ग्राहक वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लॅन समोर ठेवून निवड करतात. उपनगरातल्या त्याच माणसाचा भाऊ परळीत, औशात किंवा कळमनुरीत राहत असेल, तर त्याच्यापुढे एकच नाव आहे, महावितरण. 'मोबाइलचं सिम पोर्ट करतो तसं लाईटचं मीटर का करता येत नाही?' हा प्रश्न गावाकडे आता सर्रास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला बरंच मागं जावं लागतं.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्याच वर्षी देशात वीज (पुरवठा) कायदा झाला आणि राज्याराज्यांत वीज मंडळं उभी करायचं ठरलं. मुंबई राज्याचं मंडळ 1954 साली झालं. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो 1 नोव्हेंबर 1956 ला. म्हणजे मंडळाचा संसार आधीच मांडलेला होता, आपण त्यात मागाहून आलो. 20 जून 1960 ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ, लोकांच्या तोंडचं एमएसईबी, स्थापन झालं. पण या मागाहून येण्याचा अनुशेष पुढं कित्येक वर्षं फिटला नाही. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात सिंचन आणि रस्त्यांबरोबर ग्रामीण विद्युतीकरणाचाही अनुशेष मोजला. खांब कधी येतील आणि डीपी कधी बसेल याची वाट बघणाऱ्या गावात दराची चर्चा होणार तरी कशी? वीज आली हेच पुष्कळ होतं.

परळीचं औष्णिक केंद्र 1971 साली सुरू झालं. मराठवाड्यात त्याचा अभिमान आहे आणि असायलाही हवा. पण 'कारखाना आपल्या दारात, मग दर कमी का नाही?' असं कुणी विचारलं, तर उत्तर स्पष्ट आहे. परळीची वीज राज्याच्या एकत्र साठ्यात जाते आणि महावितरणच्या सगळ्या घरगुती ग्राहकांना एकच दरपत्रक लागतं. परळीच्या केंद्राला पाणी देणाऱ्या खडका बंधाऱ्यात पाणी नाही म्हणून 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये सगळे संच बंद ठेवावे लागले. शिवाय स्वस्त वीज आधी आणि महाग वीज मागून घ्यायची असा, मेरिट ऑर्डर नावाचा, नियम आहे. लांबून कोळसा आणावा लागणाऱ्या परळीला त्या रांगेत मागं उभं राहावं लागतं. धूर आणि राख आपल्या वाट्याला येते, दरात मात्र पैशाचीही सूट नाही.

1999 पर्यंत दर मंडळ आणि सरकार मिळून ठरवत. मंडळाने वर्षाकाठी तीन टक्के शिल्लक दाखवावी अशी कायद्याची अपेक्षा होती. ती कुणाच्या खिशातून काढायची, हा राजकारणाचा विषय. शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी झाली, त्याचा भार उद्योगांवर आणि जास्त वीज वापरणाऱ्या घरांवर टाकला गेला. विजेच्या दरावर राज्यात उघडपणे झालेली सर्वांत मोठी घासाघीस एन्रॉन या अमेरिकी कंपनीची. दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार 1993 ला झाला, 1995 ला सरकारने तो मोडला, पुन्हा वाटाघाटी करून 1996 ला नव्याने केला. 1999 मध्ये वीज मिळायला लागली आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. या सगळ्या खटाटोपात घरगुती ग्राहकाला कुणी काही विचारलं नाही.

याच काळात एक फार महत्त्वाची गोष्ट घडली, आणि मराठवाड्यात तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही असं माझं स्पष्ट मत आहे. 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार ऑगस्ट 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. त्याचा पहिला दरआदेश 2000 सालचा. तेव्हापासून दर ठरवण्याचा अधिकार मंत्रालयातून आयोगाकडे गेला. कंपनीने प्रस्ताव द्यायचा, तो जाहीर करायचा, लोकांनी हरकती-सूचना पाठवायच्या, आयोगाने जाहीर सुनावणी घ्यायची आणि मग आदेश काढायचा. घासाघीस करायची जागा ही आहे. 2003 च्या वीज कायद्याने ती पक्की केली. 6 जून 2005 ला मंडळाचं विभाजन झालं आणि बिलावर महावितरण हे नाव आलं. सुनावणीची पद्धत तीच राहिली.

आयोगापुढे ग्राहकांची बाजू कायम मांडण्यासाठी सुरुवातीच्या काळात चार संस्थांना मान्यता होती: पुण्याचा प्रयास ऊर्जा गट, मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर औद्योगिक संघटना आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन. या यादीत मराठवाडा कुठंच नाही. प्रयास आणि ग्राहक पंचायत यांनी राज्यभरच्या घरांसाठी केलेलं काम मोठं आहे, त्याचा फायदा आपल्यालाही झाला. पण लातूरच्या बाईला रीडिंग न घेता सरासरी बिल का येतं, हिंगोलीत डीपी जळाल्यावर आठ-आठ दिवस अंधारात बसणाऱ्याने त्या महिन्याचा स्थिर आकार का भरायचा, हे प्रश्न तिथं जाऊन आपणच मांडायला हवे होते.

2003 च्या कायद्याने निवडीचं दारही उघडलं. पण ते सगळ्यांसाठी सारखं उघडलं नाही. एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला मुक्त प्रवेश मिळाला, म्हणजे महावितरण सोडून दुसरीकडून वीज आणायची मुभा. हरित विजेसाठी 2022 च्या नियमांनी ही मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. त्यामुळे वाळूजचा किंवा शेंद्र्याचा कारखाना आणि जालन्याची स्टील मिल दरांची तुलना करू शकते, वाटाघाटी करू शकते. दोन-तीन किलोवॉट मंजूर भार असलेल्या घराला ते दार बंदच आहे. 2016 पासून राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली. मागासलेपणाचा मुद्दा पुढे करून मिळालेली ही सवलत योग्यच होती. मात्र त्याच मागास भागातल्या घरासाठी तसा वेगळा दर कुणी मागितला नाही. शेतकऱ्यांनीही मागितलं आणि मिळवलं. 2004 च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, ती पुढच्याच वर्षी विलासराव देशमुखांच्या सरकारने मागे घेतली. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना ती पुन्हा मिळाली. उद्योग आणि शेतीपंप यांच्यामागे संघटना उभ्या होत्या. घरांमागे तशी कुणी नव्हती.

घरासाठी एकाच भागात दोन कंपन्या असायला कायद्याने मनाई नाही. पण दुसऱ्या परवानाधारकाने आपल्या स्वतःच्या तारा टाकायला हव्यात, अशी अट आहे. मुंबईत ऑक्टोबर 2009 मध्ये आयोगाने रिलायन्सच्याच (आता अदानीच्या) तारांवरून टाटाची वीज घ्यायला परवानगी दिली, म्हणून तिथं निवड प्रत्यक्षात आली. निलंगा तालुक्यातल्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात दुसरे खांब कोण उभारणार? 2022 च्या दुरुस्ती विधेयकात एकाच जाळ्यावर अनेक कंपन्यांना मुभा देण्याचा विचार होता, ते संसदीय समितीकडे गेलं. जानेवारी 2023 मध्ये समांतर परवान्याच्या विरोधात राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले. त्यांची भीती अशी की नवी कंपनी भरपूर बिल देणारी शहरं उचलेल आणि खेडी महावितरणच्या गळ्यात राहतील. मराठवाड्याच्या दृष्टीने ही भीती मला खरी वाटते.

तेव्हाच्या औरंगाबाद शहराने खासगी कंपनीचा अनुभव एकदा घेतलाच आहे. मे 2011 पासून शहराचं वितरण जीटीएल कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून होतं. 2014 मध्ये महावितरणने तो करार संपवून काम परत हाती घेतलं. कंपनी बदलली म्हणजे दर बदलेल असं अनेकांना वाटलं होतं. तसं नव्हतं. फ्रँचायझी महावितरणकडून कोणत्या दराने वीज घेणार, यावर बोली लागली होती, म्हणजे घासाघीस झाली ती दोन कंपन्यांत. ग्राहकाचा दर आयोगाचाच राहिला.

भारनियमनाची वर्षं सांगितल्याशिवाय मात्र मराठवाड्याची ही गोष्ट पुरी होत नाही. 2005 नंतरच्या काळात गळती आणि वसुलीवरून विभागांचे गट पाडले गेले. शेवटच्या गटातल्या भागात सर्वांत जास्त तास लाईट जायची. खेड्यांत बारा तासांहून जास्त. ज्याने दर महिन्याला न चुकता बिल भरलं त्याच्याही घरात अंधार, कारण त्याच्या फीडरवर, म्हणजे त्याच्या भागाच्या वीजवाहिनीवर, इतरांनी चोरीचे आकडे टाकलेले. प्रामाणिक ग्राहकावर झालेला तो अन्याय अजून बोचतो. पुण्याने 2006 मध्ये जास्तीचे पैसे मोजून आणि उद्योगांच्या जनरेटरची मदत घेऊन भारनियमनातून सुटका करून घेतली. खेड्यांसाठी अक्षय प्रकाश योजना आली. गावाने मिळून आकडे काढायचे, संध्याकाळी मोटारी चालवायच्या नाहीत, बदल्यात घरातले दिवे चालू राहतील. गावाने एकत्र येऊन कंपनीशी केलेला हा सौदाच होता. 2012 च्या शेवटी राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं सांगितलं गेलं, पण सर्वाधिक गळतीचे गट त्यातून वगळूनच.

आजच्या बिलाकडे या इतिहासाच्या उजेडात बघावं. ऑफिसच्या खिडकीवर गेलेला माणूस म्हणतो, 'साहेब, बिल जरा कमी करून द्या.' साहेब म्हणतात, 'कमी नाही होत, हप्ते पाडून देतो.' दोघंही खरं बोलत असतात. दर कमी करणं त्या साहेबांच्या हातात नाहीच. व्याज आणि विलंब आकार माफ करणाऱ्या अभय योजना अधूनमधून येतात, 2022 ची तर विलासराव देशमुखांच्या नावाने होती. पण ती थकबाकीतली सूट आहे, दरातली नव्हे.

दर कुठं बदलतो ते 2024-25 च्या दरपत्रकावरून बघा. पहिल्या 100 युनिटला वीज आकार 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 पर्यंत 10 रुपये 29 पैसे, त्यावर प्रत्येक युनिटला 1 रुपया 17 पैसे वहन आकार, सिंगल फेजला 128 रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार सोडला तर 100 युनिटचं बिल साधारण 831 रुपये, 140 युनिटचं 1,362. वरच्या 40 युनिटांचेच 531 रुपये झाले. पहिल्या शंभरातलं युनिट शुल्कासह पावणेसात-सात रुपयांना पडत होतं, 101 वं सव्वातेरा रुपयांना. म्हणून दोन महिन्यांचं रीडिंग एकदम आलं, तर स्लॅबही दुप्पट धरलाय का हे आधी तपासायचं. तो धरला नसेल तर तिथं नुकसान मोठं होतं. 'सरासरी', 'फॉल्टी', 'लॉक' असे शेरे बिलावर सलग येत असतील तर लेखी तक्रार द्यायची.

ज्याची फारशी माहिती नसते अशी आणखी एक तरतूद आहे. घराच्या एका भागात शिलाई मशीन, छोटं किराणा दुकान किंवा शिकवणी चालत असेल आणि महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत, वर्षाचा 3,600 पर्यंत असेल, तर आयोगाच्या आदेशांनुसार घरगुतीच दर लागतो. बिलावरचा टॅरिफ कोड वाचला तर कळतं की आपल्याला व्यापारी दर लावलाय का. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत घरातच दुकान असणारी कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी दर कमी करून घेण्याचा याहून सरळ रस्ता नाही. महावितरणकडून दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल, ही सोय कायद्यानेच दिली आहे. पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही.

पहिल्यांदाच घरगुती ग्राहकाला तुलना करण्यासारखं काही मिळालंय ते अलीकडे. 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सोलरला एक किलोवॉटसाठी 30,000, दोनसाठी 60,000 आणि तीन व त्याहून जास्तीसाठी 78,000 रुपये अनुदान आहे. महिन्याला 200-300 युनिट जाळणाऱ्या घराला, वरच्या स्लॅबचे पैसे वाचत असल्याने, ते लवकर फिटतं. 100 युनिटच्या आत राहणाऱ्याला तेवढं नाही. उन्हाच्या बाबतीत मराठवाडा कुणाला हार जाणारा नाही, पण पत्र्याच्या घराला आणि भाड्याच्या खोलीला छत कुठून आणायचं?

2025 च्या दरआदेशाने स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे ते एक रुपया सवलत ठेवली. कागदावर हे चांगलंच आहे. आपल्याकडे मात्र घरातला मोठा वापर म्हणजे पाण्याची मोटार, आणि ती लावायची वेळ नळ ठरवतो. संभाजीनगरात किंवा लातुरात कित्येक दिवसांनी येणारं पाणी रात्री दोनला आलं तर मोटार रात्री दोनलाच लागते. पाण्याचं वेळापत्रक आणि विजेची सवलत यांची सांगड घालणारी मागणी मराठवाड्यातूनच जायला हवी. छत्रपती संभाजीनगर हे आयोगाच्या सुनावणीच्या ठिकाणांपैकी एक आहे. प्रस्ताव आला की वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते, हरकती पाठवायची मुदत त्यातच दिलेली असते. हरकत मराठीत लिहिता येते आणि सुनावणीत बोलायला वकील लागत नाही.