पावसाळ्यात कुंडीतलं झाड गुदमरतं

गेल्या जुलैत आमच्या पडवीसमोरच्या जास्वंदीनं मान टाकली, पानं पिवळी पडली, शेजारच्या काकू म्हणाल्या पाणी कमी पडलं असेल, पण कोकणात जुलैत पाणी कसं कमी पडेल? कुंडी उलटी केली तर तळाची माती काळी, सडक्या अंड्यासारखा वास, आणि एक मूळ दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींतली हवा ती वापरतात, फटी पाण्याने भरल्या की संपलं, कारण ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून साधारण १०,००० पट सावकाश पसरतो. मग बिनहवेचे जिवाणू वाढतात, तो वास त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाईडचा.

यावर सगळे सांगतात की कुंडीच्या तळाला खडी घाला. नका घालू. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा, परत पाणी गळायला लागतं! बारीक फटी पाणी धरून ठेवतात म्हणून तळाशी काही उंचीचा थर कायम ओला राहतो, आणि ती उंची मिश्रण किती बारीक त्यावर ठरते. खाली खडी घातली तर ओला थर फक्त वर सरकतो, मुळांच्या अजून जवळ. म्हणून जाडसरपणा तळाला नाही, अख्ख्या मिश्रणात हवा.

अंगणातली तांबडी माती जमिनीत छान निचरा करते, पण कुंडीत भरून वर पावसाचा मारा बसला की घट्ट बसते. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यामुळे घाटावरच्या व्हिडिओतलं अर्धं कोकोपीटवालं मिश्रण इथे पावसात चालत नाही. मी एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग भाताचा जळका तूस, एक भाग जांभ्याची चाळलेली बारीक खडी घेते, कोकोपीट मूठभरच, उन्हाळ्यात थोडं वाढवते.

कोकोपीट मुळात नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यात पोटॅशियमचे क्षार असतातच आणि सोडणं खाडीच्या पाण्यात भिजवलेली असली तर मीठही येतं, पानांची टोकं करपतात, तर गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या.

खताचं मात्र मी अजिबात चालवून घेत नाही, ते पूर्ण कुजलेलंच पाहिजे. अर्धकच्चं असलं तर ते कुजवणारे जिवाणू नायट्रोजन स्वतःच खाऊन टाकतात आणि रोप पिवळं पडतं. मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला तर घ्या, आंबट किंवा कुबट आला तर परत ढिगावर टाका.

आणि हे मिश्रणही खचतं, सेंद्रिय भाग कुजत जातो, फटी बुजतात, वर्षभरात माती काठापासून दोन-चार बोटं खाली गेलेली दिसते. मेअखेर, पहिली सर यायच्या आधी झाड काढून मिश्रण मोकळं करून परत भरा, खालची ताटली काढा आणि कुंडी दोन चिऱ्यांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, पागोळ्यांच्या धारेपासून हातभर लांब.