प्लंबरच्या नावातलं शिसं

आमच्या इंदुरात प्लंबरला बोलावण्याची कारणं ठरलेली. नर्मदेच्या लाइनला प्रेशर नाही, नाहीतर बोरिंगच्या पाण्यातल्या क्षारांनी तोटी धरली. त्याच्या पिशवीतून पाना निघतो, टेफ्लॉन टेप निघते, सोल्यूशनची डबी निघते. शिसं काही निघत नाही. ते त्याच्या नावात आहे.

लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणत आणि शिशाचं काम करणाऱ्याला 'प्लंबेरियस'. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत पोचला. इंग्रज त्यातला 'ब' लिहितात, पण उच्चारतात 'प्लमर'. आपण मात्र स्पेलिंग बघून ठणठणीत 'प्लंबर' म्हणतो. म्हणजे राजवाड्याजवळच्या हार्डवेअरवाल्याचा उच्चार लंडनपेक्षा रोमला जवळचा! रसायनशास्त्रात शिशाची खूण 'पीबी' आहे, तीही याच प्लंबमवरून. गवंड्याच्या ओळंब्याला इंग्रजीत 'प्लम्ब लाइन' म्हणतात, कारण दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधत.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये प्लंबर चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे चढवी, पन्हळी आणि टाक्या बनवी. पुढे घराघरांत नळ आले तेव्हा तेही काम याच कारागिराकडे गेलं.

शिसंच का? ते अवघ्या 327 अंशांना वितळतं, म्हणजे साध्या भट्टीत काम भागतं. मऊ असल्यामुळे हवं तसं वाकवता येतं आणि लोखंडासारखं गंजून झडत नाही. रोमन कारागीर शिशाचा पत्रा ओतून तो दांड्याभोवती गुंडाळत आणि शिवण पक्की करत. अनेक पाइपांवर सम्राटाचं, मालकाचं किंवा कारागिराचं नाव उठावात असे. याच रोमचा वास्तुविशारद विट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, की शिशाचं काम करणारे फिकुटलेले दिसतात, तेव्हा पाणी मातीच्या नळांतून आणलेलं बरं. ऐकलं कोणी फारसं नाही.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. ते हाडांत जाऊन बसतं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका. मग शिशाच्या नळांचं पाणी प्यायलेली सगळी शहरं आजारी कशी पडली नाहीत? इथे आपल्या बोरिंगमधले ते वैतागवाणे क्षार कामाला येतात. जड पाण्यातल्या कार्बोनेटचा थर पाइपाला आतून चढतो आणि पाणी धातूला थेट लागत नाही. पाणी मृदू किंवा किंचित आम्लधर्मी असेल तर हे कवच तयार होत नाही आणि शिसं पाण्यात उतरतं.

कवच निघालं की काय होतं ते अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने दाखवलं. 2014मध्ये पैसे वाचवण्यासाठी तिथे पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं गेलं. हे पाणी जास्त क्षरणकारी होतं, आणि पाइपांचं संरक्षण करणारं फॉस्फेट त्यात घातलंच नाही. जुन्या पाइपांमधला थर सुटला आणि शिसं थेट मुलांच्या पेल्यात आलं. पाणी शुद्ध करणं आणि ते पाइपाला मानवेल असं राखणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे नगरपालिकांना अजून पुरतं उमगलंय असं मला वाटत नाही.

आपल्याकडच्या प्लंबरच्या हाताला शिसं लागलं ते मुख्यतः सांध्यांत. बीडाचे मोठे पाइप एकमेकांत बसवून मधल्या फटीत तागाची दोरी ठासायची, वर वितळलेलं शिसं ओतायचं आणि छिन्नीने ठोकून घट्ट करायचं, अशी जुन्या जलवाहिन्यांची रीत होती. पुढे रबरी रिंगा आल्या आणि ती मागे पडली. घरात तर जस्ताचा मुलामा दिलेले जीआय पाइप गेले आणि प्लॅस्टिक आलं.

पण शिसं तिथेही शिरलं. पीव्हीसी तापवून घडवताना त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि प्लॅस्टिक खराब होऊ लागतं. ते थोपवायला शिशाची संयुगं मिसळत, कारण ती स्वस्त आणि खात्रीची. केंद्र सरकारने 2021मध्ये नियम काढून पाण्याच्या पीव्हीसी पाइपांतून ही संयुगं हद्दपार करायला घेतली. कॅल्शियम-जस्ताचे पर्याय आहेत. जुन्या इमारतींतले पाइप मात्र जुनेच आहेत.

पितळी तोटीतही थोडं शिसं असू शकतं. पितळ यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून ते घालतात. आमच्याकडे नर्मदा बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येते, त्यामुळे पाणी तोट्यांत आणि पाइपांत ताटकळत असतं, आणि जितका वेळ ते धातूला लागून राहील तितका धातू त्यात उतरतो. सकाळचं पहिलं पाणी झाडांना घालावं, पिण्याची कळशी त्यानंतर भरावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. एवढं शिसं चवीला कळत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही. ते प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.