पोकेमॉन (व्हिडिओ गेम मालिका)

काल्पनिक प्राणी पकडणे, त्यांना वाढवणे, त्यांच्या झुंजी लावणे आणि इतर खेळाडूंशी त्यांची अदलाबदल करणे यांवर आधारलेली जपानी व्हिडिओ गेम मालिका. ‘पॉकेट मॉन्स्टर्स रेड’ आणि ‘पॉकेट मॉन्स्टर्स ग्रीन’ (‘पोकेमॉन’ हे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’चेच लघुरूप) हे तिचे पहिले दोन गेम २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडो कंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी विक्रीस आले. पुढे पत्ते, दूरचित्रवाणी मालिका, चित्रपट, खेळणी आणि मोबाइल गेम अशा शाखा फुटत गेल्या. जगात सर्वाधिक कमाई करणाऱ्या मनोरंजन मालिकांमध्ये आज पोकेमॉनची गणना होते आणि तिच्या व्हिडिओ गेमच्या ४८ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. या यशाचे श्रेय बहुधा पिकाचू या प्राण्याच्या गोंडस रूपाला दिले जाते. परंतु मूळ गेमची रचना तपासली असता त्याचे खरे बळ अदलाबदलीत असल्याचे दिसते. एकट्याने खेळून पुरा होणार नाही, अशा बेताने हा गेम मुद्दाम बांधलेला होता.

उगम : मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ साली टोकियोत झाला आणि बालपण टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात गेले. तेव्हा तेथे भातखाचरे, तळी आणि झाडी शिल्लक होती. ताजिरींना किडे पकडण्याचा इतका नाद होता, की बरोबरीची मुले त्यांना ‘डॉक्टर बग’ म्हणत. भुंगेरे दिवसा दगडाखाली झोपतात हे त्यांनी निरीक्षणाने ओळखले होते. म्हणून ते झाडाखाली दगड ठेवून येत आणि सकाळी तो उचलून खाली दडलेले भुंगेरे गोळा करीत. पुढे शहर वाढले, तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि किडे दिसेनासे झाले. शहरात वाढणाऱ्या मुलांना शोधण्याचा आणि जमवण्याचा तोच आनंद मिळावा, ही इच्छा पोकेमॉनच्या मुळाशी होती, असे ताजिरी यांनी स्वतः सांगितले आहे.

तरुणपणी त्यांना आर्केडमधील, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील, गेमचे वेड लागले. १९८३ साली त्यांनी ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित नियतकालिक सुरू केले. त्यात गेम जिंकण्याच्या युक्त्या असत. हे नियतकालिक वाचून चित्रकार केन सुगिमोरी त्यांना येऊन मिळाले. बाजारातले बहुतेक गेम सुमार आहेत, तेव्हा चांगले गेम आपणच करावेत, असे ठरवून या मंडळींनी १९८९ साली त्याच नावाची कंपनी काढली. ‘क्विंटी’ हा त्यांचा पहिला गेम त्याच वर्षी नामको कंपनीने प्रसिद्ध केला.

गेम बॉयही १९८९ सालीच बाजारात आला होता. दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय त्यात होती आणि इतर गेमकर्ते तिचा उपयोग मुख्यतः दोन खेळाडूंच्या स्पर्धेसाठी करीत. ताजिरींना मात्र त्या तारेवरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरपटत जाणारे किडे दिसले. या कल्पनेचा आराखडा त्यांनी १९९० साली ‘कॅप्सूल मॉन्स्टर्स’ या नावाने निन्टेंडोकडे नेला. प्रत्यक्ष गेम पुरा व्हायला सहा वर्षे लागली. या काळात गेम फ्रीकची आर्थिक ओढाताण झाली. कंपनी तगून राहावी म्हणून मंडळींनी मधूनमधून दुसरे गेमही करून दिले. निन्टेंडोतील शिगेरू मियामोतो यांचा सल्ला आणि पुढे ‘क्रीचर्स’ ही कंपनी काढणारे त्सुनेकाझु इशिहारा यांचा पाठिंबा नसता, तर हा प्रकल्प बहुधा मध्येच बारगळला असता. संगीताची बाजू जुनिची मासुदा यांनी सांभाळली, तर पिकाचूचे मूळ रूप आत्सुको निशिदा यांनी रेखाटले.

रचना : कांतो या जपानमधील खऱ्या प्रदेशावर बेतलेल्या भूमीतून खेळाडू प्रवास करतो. आरंभी त्याला बल्बासॉर, चारमँडर आणि स्क्वर्टल या तिघांतून एकच प्राणी निवडता येतो. गवताळ भागात गाठ पडलेल्या प्राण्यांना झुंजीत दमवून चेंडूत पकडायचे, एका वेळी सहा प्राणी बरोबर बाळगायचे आणि प्रत्येकाला फार तर चार डावपेच शिकवायचे, असे नियम आहेत. पाणी आगीला भारी, आग वनस्पतीला आणि वनस्पती पाण्याला, हे झुंजीचे मूळ गणित लहान मुलालाही चटकन समजते. तरी पहिल्या गेममध्ये असे १५ प्रकार असल्याने त्यांच्या जोड्यांचा हिशेब मोठ्यांनाही गुंतवून ठेवतो. हरलेला प्राणी मरत नाही, बेशुद्ध पडतो. हा निर्णय ताजिरींनी विचारपूर्वक घेतला होता. गेममधील निरर्थक मृत्यू त्यांना मान्य नव्हते.

अदलाबदलीची योजना मात्र याहून पुष्कळ बारकाईने केलेली आहे आणि ती पाहताना रचनाकारांविषयी आदर वाटतो. मियामोतो यांच्या सूचनेवरून एकच गेम दोन आवृत्त्यांत काढण्यात आला. एकॅन्स हा साप फक्त रेडमध्ये सापडे, तर सँडश्रू फक्त ग्रीनमध्ये. शिवाय खेळाडूला ठिकठिकाणी निवड करावी लागे : आरंभीच्या तिघांपैकी एक, दोन जीवाश्मांपैकी एक आणि कराटेच्या आखाड्यातील दोघांपैकी एक. ईव्ही हा प्राणी एकदाच मिळे आणि त्याला तीन रूपांपैकी एकच देता येई. कडाब्रा किंवा हॉन्टर यांसारखे प्राणी तर तारेवरून दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याखेरीज आपले अंतिम रूप धारणच करीत नसत. दुसऱ्याकडून आलेला प्राणी दीडपट वेगाने अनुभव मिळवी, पण नव्या मालकाने पुरेशी पदके जिंकली नसली तर तो त्याची आज्ञा मानत नसे. अशा रीतीने देवाणघेवाणीला आमिष होते आणि तिला मर्यादाही होती. संग्रह पुरा करायचा तर दुसरी आवृत्ती असलेला मित्र शोधणे, त्याच्यापाशी जाऊन बसणे आणि काय देऊन काय घ्यायचे याची घासाघीस करणे भागच होते.

प्रारंभीचा प्रसार : १९९६ साली गेम बॉय हे यंत्र म्हातारे मानले जात होते आणि करड्या-हिरव्या पडद्यावरच्या या गेमकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. पहिल्या आठवड्यातील विक्रीही बेताचीच होती. परंतु ती इतर गेमप्रमाणे उतरली नाही, तर महिनोन्‌महिने चढत राहिली, कारण जाहिरातीचे काम शाळेच्या आवारातली मुलेच करीत होती.

त्यात एका गुपिताची भर पडली. गेम पुरा झाल्यावर चाचणीसाठीचा मजकूर काढून टाकला, तेव्हा कार्ट्रिजवर (गेम साठवलेली, यंत्रात खोचायची डबी) सुमारे ३०० बाइट इतकी जागा मोकळी झाली. तेवढ्यात प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतो यांनी म्यू नावाचा १५१ वा प्राणी बसवला. तो गेमच्या जगात रीतसर कुठेही सापडत नसे. त्याच्याविषयी मुलांत कुजबुज सुरू झाली, तेव्हा ‘कोरोकोरो कॉमिक’ या मुलांच्या मासिकाने २० वाचकांना म्यू देण्याची सोडत जाहीर केली आणि तिला सुमारे ७८,००० अर्ज आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच मासिकामार्फत सुधारित चित्रांची ‘ब्लू’ आवृत्ती टपालाने विकण्यात आली. आपल्याला सगळे सापडले असे वाटत असतानाच आणखी काहीतरी दडलेले आहे, ही भावना तेव्हापासून या मालिकेला चिकटली, ती कायमची.

पत्ते आणि दूरचित्रवाणी : ऑक्टोबर १९९६ मध्ये पोकेमॉनचे पत्ते निघाले. यंत्र नसलेल्या मुलालाही जमवण्याची आणि बदलण्याची संधी त्यांनी दिली. १ एप्रिल १९९७ रोजी टीव्ही टोकियो वाहिनीवर कार्टून मालिका सुरू झाली. तिचा नायक सातोशी जपानबाहेर अॅश या नावाने ओळखला जातो. गेममध्ये अनेकांतला एक असलेला पिकाचू या मालिकेमुळे साऱ्या पोकेमॉनचा चेहरा बनला. १९९८ साली आलेल्या ‘यलो’ आवृत्तीत तर तो खेळाडूच्या मागोमाग चालताना दाखवावा लागला.

या वाटचालीत एक गंभीर दुर्घटनाही घडली. १६ डिसेंबर १९९७ रोजी प्रसारित झालेल्या भागातील एका दृश्यात लाल आणि निळा प्रकाश अतिशय वेगाने लुकलुकत होता. तो पाहून अनेक मुलांना चक्कर, मळमळ आणि काहींना झटके आले. सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा दाखवला गेला नाही आणि जपानी वाहिन्यांनी लुकलुकत्या दृश्यांविषयी कडक नियम केले. खोलीत उजेड ठेवून, पडद्यापासून दूर बसून पाहावे, ही सूचना जपानी कार्टूनच्या आरंभी दिसते, ती तेव्हापासूनच.

जपानबाहेर : लांबलचक मजकूर वाचत खेळायचे गेम अमेरिकी मुलांना रुचतील का, याविषयी निन्टेंडोतही शंका होती. म्हणून तेथे आधी कार्टून दाखवायचे आणि मग गेम आणायचा, असे ठरले. सप्टेंबर १९९८ मध्ये कार्टून सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला ‘रेड’ व ‘ब्लू’ विक्रीस आले. १९९९ साली इंग्रजी पत्ते आणि पहिला चित्रपट पाठोपाठ आले. जगभरात या पहिल्या संचाच्या ३.१ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. पत्त्यांवरून भांडणे होऊ लागल्याने अनेक शाळांनी ते वर्गात आणण्यास बंदी घातली. दुर्मीळ पत्ता कोणत्या पाकिटात आहे हे कळत नसल्याने हा जुगारच आहे, असा दावा करणारे खटलेही अमेरिकेत दाखल झाले. सौदी अरेबियाने २००१ साली पोकेमॉनवर बंदीच घातली.

‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे दुसऱ्या पिढीचे गेम १९९९ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आले. नवे १०० प्राणी, घड्याळाप्रमाणे बदलणारे दिवस-रात्र आणि नव्या प्रदेशानंतर पुन्हा संपूर्ण कांतो एवढे सारे त्यांत होते. ते त्या लहानशा कार्ट्रिजमध्ये बसवण्याच्या कामी सातोरू इवाता यांची मोठी मदत झाली. इवाता तेव्हा दुसऱ्याच एका कंपनीचे अध्यक्ष होते, तरी त्यांनी चित्रे दाबून साठवण्याची साधने स्वतः लिहून दिली. पुढे ते निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. २००२ साली आलेले ‘रुबी’ आणि ‘सफायर’ मात्र जुन्या गेमशी जोडता येत नव्हते. वर्षानुवर्षे वाढवलेले प्राणी जुन्या कार्ट्रिजमध्येच अडकले आणि पोकेमॉनची लाट ओसरली असे बोलले जाऊ लागले. २००६ सालच्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ने इंटरनेटवरून जगातील कोणाशीही अदलाबदल करण्याची सोय देऊन तारेची जागा भरून काढली.

मालकी : नाममुद्रेचे हक्क निन्टेंडो, गेम फ्रीक आणि क्रीचर्स या तिघांकडे संयुक्तपणे आहेत. व्यवहार पाहण्यासाठी १९९८ साली स्थापन झालेली संस्था २००० सालापासून ‘द पोकेमॉन कंपनी’ या नावाने काम करते. तिचे प्रमुखपद इशिहारा यांच्याकडे राहिले आहे. गेम, पत्ते आणि कार्टून यांचे वेळापत्रक एकाच छताखाली जुळवले जात असल्याने नव्या पिढीचे प्राणी सर्व माध्यमांत साधारण एकाच सुमारास अवतरतात.

पोकेमॉन गो आणि भारत : जुलै २०१६ मध्ये नायँटिक या अमेरिकी कंपनीने ‘पोकेमॉन गो’ हा मोबाइल गेम आणला. यात प्राणी खऱ्या रस्त्यांवर, बागांत आणि चौकांत सापडतात आणि खेळाडूला त्यासाठी चालावे लागते. ताजिरींच्या बालपणीचा छंद त्यामुळे पुन्हा घराबाहेर आला. भारतात तो रीतसर येण्याआधीच अनेकांनी आडमार्गाने उतरवून घेतला होता. प्रार्थनास्थळांच्या जागी गेममधील अंडी दिसतात, या तक्रारीवरील जनहित याचिकेवरून गुजरात उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये नोटिसा काढल्या. १३ डिसेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओच्या सहकार्याने गेम भारतात अधिकृतपणे सुरू झाला.

भारतातील क्रम जपानच्या नेमका उलटा होता. गेम बॉय येथे फार थोड्या घरांत पोहोचला होता. महाराष्ट्रासह देशभरातील मुलांना पोकेमॉन भेटला तो २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर, हिंदी संवादांतून, आणि नंतर हंगामा वाहिनीवर. वेफर्सच्या पाकिटातून निघणारे टाझो, म्हणजे चित्रे छापलेल्या छोट्या चकत्या, हे अनेकांचे पहिले आणि एकमेव संग्रहणीय पोकेमॉन ठरले. शाळेच्या मधल्या सुट्टीत त्यांचीच देवाणघेवाण चाले. मूळ गेम बहुतेकांनी पुढे संगणकावर, एम्युलेटरच्या (गेम यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) साह्याने खेळला, आणि तोही एकट्याने. त्यामुळे या गेमचा गाभा असलेली तारेची गंमत त्या पिढीच्या वाट्याला क्वचितच आली. सप्टेंबर २०२३ मध्ये पोकेमॉन गो हिंदीत आला आणि ८०० हून अधिक प्राण्यांना हिंदी नावे देण्यात आली.

अलीकडची वाटचाल : २०१९ सालच्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये सर्व जुने प्राणी घेतले जाणार नाहीत, असे जाहीर होताच चाहत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. जो गेम ‘सगळे पकडा’ असे सांगत आला, त्यातच सगळे पकडणे अशक्य व्हावे, ही त्यांची तक्रार रास्त होती. विक्रीवर तिचा परिणाम झाला नाही. २०२२ सालच्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’च्या तर पहिल्या तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्या, जरी त्यांतील तांत्रिक दोषांवर सडकून टीका झाली. याच गेमपासून प्राण्यांची एकूण संख्या १,००० च्या पुढे गेली.

प्राणी पकडून साथीला घेण्याची कल्पना पोकेमॉनपूर्वीही होती. १९८७ सालच्या ‘मेगामी तेन्सेई’त राक्षसांशी बोलणी करून त्यांना आपल्या बाजूला वळवता येई आणि १९९२ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’मध्ये लढाईत पराभूत केलेले प्राणी साथीला येत. पोकेमॉनच्या यशानंतर ‘डिजिमॉन’, ‘ड्रॅगन क्वेस्ट मॉन्स्टर्स’ आणि ‘यो-काई वॉच’ यांसह अनेक मालिका निघाल्या. जानेवारी २०२४ मध्ये पॉकेटपेअर या जपानी कंपनीचा ‘पालवर्ल्ड’ प्रचंड खपला. सप्टेंबरमध्ये निन्टेंडो आणि द पोकेमॉन कंपनी यांनी पेटंटभंगाच्या आरोपावरून टोकियो जिल्हा न्यायालयात तिच्यावर दावा दाखल केला. वाद प्राण्यांच्या रूपावरून नव्हता. नेम धरून वस्तू फेकून प्राणी पकडणे आणि त्यांच्यावर स्वार होणे यांसारख्या खेळण्याच्या पद्धतींवरून तो होता. दाव्यानंतर पॉकेटपेअरने गोळा फेकून साथीच्या प्राण्याला बोलावण्याची सोय आपल्या गेममधून काढून टाकली.