एपीसीयूपीएसडी की नट: मशीन बंद करायची वेळ कोण ठरवतं?

लिनक्स किंवा फ्रीबीएसडीच्या मशीनला यूपीएस जोडला की वीज गेल्यावर मशीन नीट बंद करणाऱ्या एपीसीयूपीएसडी आणि नट या दोन प्रोग्रामची नावं समोर येतात. पहिलं एपीसी कंपनीच्या यूपीएससाठी, दुसरं बाकीच्यांसाठी, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, एपीसीसकट अनेक कंपन्यांचे यूपीएस ओळखतं. त्यामुळे एपीसीचा यूपीएस असेल तरी निवड करावीच लागते.

बसवायला एपीसीयूपीएसडी सोपं. एकच डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम), एकच मुख्य फाइल. यूएसबी केबल असेल तर केबल आणि प्रकार या दोन्हींपुढे ‘यूएसबी’ लिहायचं आणि डिव्हाइसचं मूल्य रिकामं ठेवायचं, म्हणजे ते यूपीएस स्वतः शोधतं. नटमध्ये काम तिघांत वाटलेलं असतं: ड्रायव्हर यूपीएसशी बोलतो, यूपीएसडी ती माहिती नेटवर्कवर देतो आणि यूपीएसमॉन मशीन बंद करतो. शिवाय नटच्या मूळ फाइलमधला मोड सुरुवातीला ‘नन’ असतो. तो ‘स्टँडअलोन’ किंवा ‘नेटसर्व्हर’ केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. लिनक्सवर ड्रायव्हर परवानगी नसल्याची तक्रार करत असेल तर यूएसबी केबल एकदा काढून पुन्हा लावा. यूडेव्हचा, म्हणजे उपकरणांच्या परवानग्या सांभाळणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नवा नियम बऱ्याचदा तेव्हाच लागू होतो.

खरा फरक वीज गेल्यावर दिसतो. एपीसीयूपीएसडी स्वतः हिशेब ठेवतं. नमुना फाइलप्रमाणे चार्ज ५ टक्क्यांवर आला किंवा उरलेला वेळ ३ मिनिटांवर आला, यातलं जे आधी घडेल त्यावर शटडाउन सुरू होतो. ‘बॅटरीवर इतके सेकंद झाले की बंद कर’ अशी तिसरी अटही आहे, पण ती सुरुवातीला शून्य, म्हणजे बंद असते. नटचा यूपीएसमॉन मात्र ‘बॅटरीवर आहे’ आणि ‘बॅटरी संपत आली’ हे दोन्ही संकेत एकत्र येईपर्यंत थांबतो. दुसरा संकेत बहुधा यूपीएसच ठरवतो. बॅटरी जुनी असेल तर तो फार उशिरा येतो, आणि मशीन धाडकन बंद पडतं. जुन्या बॅटरीचे टक्के आणि मिनिटंही भरवशाची नसतात. म्हणून मी अशा ठिकाणी थेट वेळेची मर्यादा घालावी या मताचा आहे: एपीसीयूपीएसडीत ती तिसरी अट, नटमध्ये त्याच्याच यूपीएसशेड या सोबतच्या प्रोग्रामचा टायमर.

एका यूपीएसवर अनेक मशीन असतील तर मी नट निवडेन. दोन्ही नेटवर्कवर चालतात, एपीसीयूपीएसडी ३५५१ पोर्टवर आणि नट ३४९३ वर. पण नटमधलं मुख्य मशीन आधी बाकीच्यांना बंद होऊ देतं, त्यांची ठरावीक वेळ वाट पाहतं आणि मग स्वतः बंद होतं. एपीसीयूपीएसडीत प्रत्येक मशीन आपापला निर्णय घेतं, त्यामुळे तो क्रम तुम्हालाच आकडे बदलून जुळवावा लागतो.

एकाच यूएसबी यूपीएसवर दोघांचे ड्रायव्हर एकदम चालवू नका. दोन्ही हवेच असतील तर एपीसीयूपीएसडीकडून माहिती घेणारा ड्रायव्हर नटमध्ये आहे.

चाचणी घेताना शटडाउन झाला एवढ्यावर थांबू नका. मशीन बंद झाल्यावर यूपीएसने पुरवठाही तोडायला हवा. तो तोडला नाही आणि मधेच वीज आली, तर मशीनला वीज गेल्याचं कळतच नाही आणि ते बंदच राहतं. बायोसमध्ये ‘वीज आली की सुरू हो’ असं ठेवलं असलं तरीही.