परका पैसा कोणाचा? बडोद्याच्या संस्था आणि विदेशी देणग्यांच्या कायद्याची पार्श्वभूमी

बडोद्याचे गंगनाथ विद्यालय १९१२ साली बंद पाडण्यात आले. केशवराव देशपांडे आणि त्यांच्या मित्रमंडळींची ही राष्ट्रीय शाळा. काका कालेलकर १९१० मध्ये तिथे शिकवायला आले होते. केशवराव हे केंब्रिजपासूनचे अरविंद घोषांचे स्नेही, आणि अरविंदबाबू १८९३ ते १९०६ बडोदे संस्थानाच्या नोकरीत. इंग्रज सरकारला एवढे पुरेसे होते. त्यातच १९११च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराज पंचम जॉर्जसमोर रीतसर झुकले नाहीत म्हणून गहजब झालेला. शाळेत मुले काय शिकतात यापेक्षा शाळेमागे माणसे कोण उभी आहेत, याचीच चौकशी जास्त.

‘समाजकार्याच्या आडून राजकारण’ हा आरोप आज आपण एफसीआरएच्या, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, संदर्भात ऐकतो आणि तो कायद्याबरोबरच जन्माला आला असे समजतो. बडोद्याने तो फार आधी ऐकला आहे. तेव्हा संशय माणसांवर होता, पैशावर नव्हता. पैशाची पाळी बऱ्याच उशिरा आली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पाठोपाठ १९५०चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आला. संस्थेच्या पावतीवर ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने सुरू होणारा जो नोंदणी क्रमांक असतो, तो याच कायद्याखालचा. गुजरातने पुढे त्याच्या नावातले ‘मुंबई’ काढून ‘गुजरात’ घातले, सांगाडा तोच राहिला. या कायद्याचा रोख मुख्यतः पैसा गेला कुठे यावर: विश्वस्तांनी जमीन परस्पर विकली का, हिशेब तपासून घेतले का. पैसा आला कुठून याची फारशी कोणाला फिकीर नव्हती. बाहेरून आला तर कौतुकच व्हायचे. नेहरूंच्या निमंत्रणावरून फोर्ड फाउंडेशनने १९५२ मध्ये दिल्लीत कचेरी थाटली. अहमदाबादचे आयआयएम आणि राष्ट्रीय डिझाइन संस्था या दोन्ही १९६१च्या संस्था उभ्या राहताना फोर्डचा हातभार होता, आणि त्यावर नाक मुरडणारे थोडेच होते.

हवा फिरली ती १९६७ साली. त्या वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसला अनेक राज्ये गमवावी लागली. त्याच सुमारास अमेरिकेतून बातम्या आल्या, की तिथली गुप्तहेर संघटना सीआयए वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या फाउंडेशनांमार्फत जगभर पैसे वाटते आहे. एशिया फाउंडेशनचे नाव त्यात निघाले आणि १९६८ मध्ये त्या संस्थेला भारतातला गाशा गुंडाळावा लागला. गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. निवडणुकीत विदेशी पैसा आला का, याची त्यांनी गुप्तचर खात्याकडून चौकशी करवली. तिचा गोषवारा न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात फुटला, संसदेत गदारोळ झाला, तरी अहवाल काही प्रसिद्ध झाला नाही. संशयाची सुई एकाच पक्षाकडे नव्हती, हे त्यामागचे उघड गुपित. १९७३ ते १९७५ या काळात अमेरिकेचे राजदूत असलेले डॅनियल मॉयनिहन यांनी तर पुढे लिहून ठेवले, की कम्युनिस्टांना रोखण्यासाठी केरळ आणि बंगालमध्ये मिळून दोनदा काँग्रेसला अमेरिकी पैसा पोचवला गेला, आणि त्यांपैकी एकदा तो खुद्द इंदिरा गांधींच्या हाती. इंदिराजींनी ते साफ नाकारले.

विदेशी देणग्यांना आळा घालणारे विधेयक १९७३ मध्ये राज्यसभेत आले, संयुक्त समितीकडे गेले, रेंगाळले. मंजूर झाले ते १९७६ मध्ये, आणीबाणीत. ५ ऑगस्ट १९७६ पासून ते लागू झाले. विदेशी पैसा ज्यांना पूर्ण वर्ज्य, त्यांच्या यादीत निवडणुकीचे उमेदवार, आमदार-खासदार, राजकीय पक्ष, न्यायाधीश, सरकारी नोकर, संपादक, वार्ताहर. व्यंगचित्रकारही. (व्यंगचित्रकाराला कोणते परके सरकार पैसे देत होते कोण जाणे, पण आणीबाणीत त्याची धास्ती वाटणे साहजिक.) शैक्षणिक, धार्मिक, सामाजिक संस्थांना मात्र पैसे घेता येत होते, घेतल्यावर सरकारला कळवायचे, एवढेच. म्हणजे मूळ कायद्याचा रोख राजकारण्यांवर होता आणि संस्था त्यात जाता जाता आल्या होत्या. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या चाळीस वर्षांत तो नेमका उलटा झाला.

पहिला फटका गांधीवाद्यांना बसला. आणीबाणी लागली त्या, २५ जून १९७५च्या रात्री जयप्रकाशांना अटक झाली ती दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानात. इंदिराजी सत्तेवर परतल्यावर १९८२ मध्ये त्या प्रतिष्ठानासह सर्व सेवा संघ वगैरे संस्थांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती कुदाल यांचा आयोग नेमला गेला. आयोग वर्षानुवर्षे चालला. खादी घालणाऱ्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना विदेशी पैशाचे हिशेब मागणे हा सूडच होता, असे माझे मत. त्याच काळात, १९८४ मध्ये, ‘कळवा’ची जागा ‘आधी नोंदणी करा’ने घेतली आणि पैसा एकाच ठरलेल्या बँक खात्यात यावा असे बंधन आले.

गुजरातपुरता पुढचा टप्पा म्हणजे २००१चा भूकंप. कच्छसाठी जगभरातून पैसा आला. पाठोपाठ २००२च्या दंगली झाल्या आणि अमेरिकेत एक वाद पेटला: तिथल्या एका भारतीय मदतनिधीचा पैसा संघपरिवारातल्या संस्थांकडे वळतो, असा अहवाल निघाला, निधीने तो फेटाळला. दुसऱ्या बाजूला दंगलपीडितांसाठी लढणाऱ्या संस्थांच्या विदेशी देणग्यांकडे बोट दाखवणे सुरू झाले. गुजरात सरकारच्या तक्रारीनंतर २०१५ मध्ये केंद्राने खुद्द फोर्ड फाउंडेशनला पूर्वपरवानगीच्या यादीत टाकले आणि वर्षभरात पुन्हा काढलेही. ज्या राज्यातल्या दोन नामांकित संस्था फोर्डच्या मदतीने उभ्या राहिल्या, तिथूनच ही तक्रार गेली.

ही काही एकाच पक्षाची खोड नव्हे. कायदा २०१० मध्ये नव्याने लिहिला तो काँग्रेसच्या सरकारने. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घेण्याची अट त्यातलीच. कुडनकुलमच्या अणुवीज प्रकल्पाला होणाऱ्या विरोधामागे अमेरिका आणि स्कँडिनेव्हियातल्या पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, असे २०१२ मध्ये म्हणाले ते मनमोहन सिंग.

आता पक्षांकडे येऊ. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये निकाल दिला, की लंडनच्या वेदांत कंपनीच्या इथल्या उपकंपन्यांकडून काँग्रेस आणि भाजप या दोघांनी घेतलेल्या देणग्या विदेशी ठरतात आणि दोघांवर सहा महिन्यांत कारवाई व्हावी. दोघेही सर्वोच्च न्यायालयात धावले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे पक्ष तिथे एकाच बाजूला उभे होते. मग २०१६च्या अर्थविधेयकात एक छोटी तरतूद आली: कंपनीतली परकी गुंतवणूक सरकारने ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर मालकी निम्म्याहून जास्त परकी असली तरी ती कंपनी ‘विदेशी स्रोत’ नाही. अंमल मागच्या तारखेने, २६ सप्टेंबर २०१० पासून. अडचण अशी, की त्या देणग्यांपैकी काही त्याआधीच्या होत्या, म्हणजे १९७६च्या कायद्याखालच्या. तेव्हा २०१८ मध्ये तारीख आणखी मागे ओढून ५ ऑगस्ट १९७६ वर नेली. रद्द होऊन गेलेल्या कायद्यालाच दुरुस्ती! लोकसभेत ते अर्थविधेयक गोंधळात, चर्चेविना मंजूर झाले. विरोधकांनी इतर शंभर गोष्टींवर आरडाओरडा केला, या कलमावर त्यांतल्या मोठ्या पक्षाने तोंड उघडले नाही. उघडणार तरी कसे?

नेत्यांशी जोडलेल्या निधींचे त्याहून वेगळे. पंतप्रधान राष्ट्रीय मदतनिधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीतल्या निर्वासितांसाठी निघाला, तेव्हा त्याच्या समितीत काँग्रेस अध्यक्षांना पदसिद्ध जागा होती. त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटले नसावे. राजीव गांधी फाउंडेशन १९९१चे, अध्यक्ष सोनिया गांधी. चिनी दूतावासाकडून २००५-०६ मध्ये देणगी घेतल्याचा मुद्दा भाजपने गलवाननंतर, जून २०२० मध्ये काढला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये फाउंडेशनची एफसीआरए नोंदणी रद्द झाली. दूतावासाचा पैसा तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांच्या संस्थेने घ्यायला नको होता, यात मला शंका नाही. पण त्याच २०२० मध्ये निघालेल्या, पंतप्रधान पदसिद्ध अध्यक्ष असलेल्या पीएम केअर्सला एफसीआरएमधून सूट मिळाली, आणि न्यायालयात सरकारने सांगितले की हा भारत सरकारचा निधी नाही.

अमेरिकेत अशा पेचावर वेगळा तोडगा काढून पाहिला गेला. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री होणार म्हणून २००८ मध्ये क्लिंटन फाउंडेशनने करार केला: दात्यांची नावे जाहीर करू, परक्या सरकारांच्या नव्या देणग्या आधी तपासून घेऊ. दोन लाखांवर नावांची यादी प्रसिद्ध झाली. त्यात सौदी अरेबियाबरोबर आपले समाजवादी पक्षाचे नेते अमरसिंहही होते, १० ते ५० लाख डॉलरच्या रकान्यात. तरीही २०१० मध्ये हैतीच्या भूकंपासाठी अल्जीरिया सरकारने दिलेले पाच लाख डॉलर तपासणीला न पाठवताच जमा झाले आणि २०१५ मध्ये संस्थेला ते कबूल करावे लागले. चूक उघड झाली याचे कारण नावे आणि नियम दोन्ही चारचौघांत होते. आपल्याकडे निवडणूक रोख्यांनी पक्षांच्या दात्यांवर पडदा घातला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो १५ फेब्रुवारी २०२४ रोजी फाडला.

संस्थांच्या बाबतीत मात्र सगळे स्क्रू सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने आवळले. विदेशी पैसा यायचा तो दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. कचेरीचा खर्च पन्नासऐवजी वीस टक्क्यांच्या आत. आणि एका संस्थेने दुसरीला विदेशी पैसा द्यायचा नाही. ही शेवटची अट आपल्या भागाला सर्वांत जास्त लागली. छोटा उदेपूर, कवांट, नसवाडीकडच्या आदिवासी पट्ट्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थेकडे ना इंग्रजीत अर्ज भरणारा माणूस, ना सी.ए. ठेवण्याची ऐपत. शहरातली मोठी संस्था विदेशी देणगी घेई आणि त्यातला वाटा कामासह तिकडे देई. तो ओढाच आटला. स्वतः नोंदणी करावी तर मागच्या तीन वर्षांत कामावर पंधरा लाख खर्च झालेले दाखवावे लागतात.

याच काळात, डिसेंबर २०२१ मध्ये, बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या बालगृहावर धर्मांतराच्या आरोपावरून गुन्हा दाखल झाला. संस्थेने आरोप नाकारला. दोन आठवड्यांतच, नेमक्या नाताळच्या दिवशी, केंद्राने त्या संस्थेच्या एफसीआरए नोंदणीचे नूतनीकरण नाकारले. कारण म्हणून ‘प्रतिकूल माहिती’ एवढेच शब्द. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नोंदणी परत मिळाली. या वेळी मात्र कारण सांगितले नाही.

दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी संस्थांना या दिल्लीच्या लढायांशी देणेघेणे नाही असे वाटते. पण वाचनालयाचे छप्पर गळायला लागले की न्यू जर्सीहून फोन येतोच: “काका, खाते नंबर पाठवा, हजार डॉलर टाकतो.” इथे खजिनदाराने पहिला प्रश्न पासपोर्टचा विचारायला हवा. रंग दोन्ही देशांच्या पासपोर्टचा निळाच, पण भारतीय असेल तर तो जगात कुठेही राहो, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली त्याची देणगी देशीच. अमेरिकी असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड खिशात असले तरी, तो ‘विदेशी स्रोत’. नोंदणी नसताना ती रक्कम खात्यात घेतली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे. “मग मी आईच्या नावाने पाठवतो” हा सल्ला देणारेही भेटतात. त्यांचे ऐकू नये.

उलट सावली तालुक्यात किंवा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शंभर टक्के परक्या मालकीची एखादी कंपनी आपल्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेल्या पैशातून, त्याच छपराला दहा लाख द्यायला निघाली, तर एफसीआरएचा प्रश्नच येत नाही. दोन पक्षांना वेदांतच्या खटल्यातून सोडवण्यासाठी व्याख्या बदलली, तेव्हापासून अशी कंपनी देशी झाली आहे. रावपुऱ्यात जन्मलेला तो पुतण्या अजून परकाच आहे.